कला शाखा आणि कला : कुलाब्यातून चार दाखले

मराठी घेऊन बी. ए. झालेला विद्यार्थी 'आता एम. ए. कशात करू?' असे विचारतो तेव्हा त्याच्यापुढची नावे बहुधा ठरलेली असतात. मराठी, इतिहास, फार तर समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र. पेण परिसरातून येणाऱ्या काही विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र निराळा असतो. त्यांच्या घरी किंवा शेजारी गणपतीचा कारखाना असतो. शाडूची माती कितपत मऊ हवी, साच्यातून काढलेल्या मूर्तीचे जोड कसे बुजवायचे, डोळ्यांची आखणी कोणाच्या हाती सोपवावी आणि कोणाच्या नाही, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. असा विद्यार्थी दबकत विचारतो की कलेचा इतिहास शिकायचा असेल तर कुठे जावे, आणि आपली बी. ए. त्याला चालेल का. निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपत्रके पुढे करून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कोणती पदवी घ्यावी हे सांगायचे तर ती पदवी आपल्याकडे कुठे घडली, कुठे घडू शकली नाही आणि का, हे आधी पाहावे लागते. म्हणून हा थोडा लांबचा फेरा.

प्रारंभ शब्दापासून करणे भाग आहे, कारण पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. आपण ज्याला 'कला शाखा' म्हणतो ती 'आर्ट्स' या शब्दाची छाया. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत या नावाखाली सात विद्या येत: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, ज्योतिष आणि संगीत. चित्र आणि शिल्प त्यांत नव्हते. ती कारागिरांची, हातांची कामे मानली जात. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबईत बी. ए. ही पदवी आली ती ही सात विद्यांची परंपरा घेऊन, आणि मराठीने तिला नाव दिले 'कला'. गंमत अशी की ज्या शब्दाचा आपण आधार घेतला त्याची आपली परंपरा नेमकी उलटी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य यांच्या पाठोपाठ आलेख्य येते, पुढे तक्षणही येते. म्हणजे चित्रकार आणि सुतार ज्या शब्दात सुखाने नांदत होते तो शब्द आपण अशा शाखेला दिला की जिच्यात त्या दोघांनाही प्रवेश नव्हता. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ नंतर पदव्यांना 'गृहीतागमा' आणि 'प्रदेयागमा' अशी नावे दिली होती. आज ती ऐकून हसू येते, पण निदान ती फसवत तरी नव्हती.

शब्दातली ही फारकत संस्थांतही उतरली आणि तिची तारीखही सांगता येते. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईचे कलाविद्यालय मार्च १८५७ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जुलैत मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. एकाच शहरात, एकाच वर्षी, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन संस्था पुढे सव्वाशे वर्षे एकमेकींना ओळख न देता राहिल्या. जे. जे.त शिकणाऱ्याला सरकारी पदविका मिळे, विद्यापीठात शिकणाऱ्याला पदवी. जे. जे.च्या अभ्यासक्रमाला मुंबई विद्यापीठाची पदवी जोडली गेली ती थेट १९८०च्या दशकात, आणि आता २०२३ पासून जे. जे. हे स्वतःच अभिमत विद्यापीठ झाले आहे. म्हणजे दोघांचा संसार झाला तोही जेमतेम चार दशकांचा.

या फारकतीची किंमत काय, हे अजिंठ्याच्या प्रकरणावरून दिसते. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.चे विद्यार्थी हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार त्यांत होता. भिंतीसमोर महिनोन्महिने बसून रेषेमागून रेष उतरवून घेणे हे कला-इतिहासाचे मूळ काम आहे. याहून जवळून ती चित्रे त्या काळात कोणी पाहिली असतील असे आम्हांला वाटत नाही. परंतु या कामाचे फलित म्हणून १८९६-९७ मध्ये जे भव्य ग्रंथ निघाले ते इंग्रजीत आणि ग्रिफिथ्स यांच्या नावाने. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे लिहिण्याची विद्या नव्हती, आणि त्याच शहरात ज्यांच्याकडे लिहिण्याची विद्या होती त्यांना पाहायला कोणी पाठवले नव्हते. पुष्कळशा प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या, हा त्यावर कळस.

आता कुलाबा जिल्ह्याकडे येऊ. (रायगड हे नाव अलीकडचे, १९८१ चे. आम्ही ज्या काळाविषयी बोलत आहोत तेव्हा तो कुलाबाच होता.) १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत या लहानशा जिल्ह्यात चार मुले जन्मली. 'काय शिकावे?' या प्रश्नाला त्या चौघांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की कला शाखा आणि कला यांच्या मधली ती दरी आपल्या अंगणातच दिसू लागते.

पहिला अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचा. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. घरी गणपती घडत; वडील मूर्ती करीत, आणि मुलाचा हात मातीत तिथेच बसला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी या मुलाला जे. जे.त धाडले. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या आग्रहावरून कलकत्ता, मग लंडनची रॉयल अकादमी, १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, 'शंखध्वनी', 'मत्स्यगंधा'. सासवण्याच्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहता येतात, आणि पेणहून तिथे जाणे हे काही मोठे दिव्य नाही. तरीही साहित्याचे किती विद्यार्थी गेले आहेत हे वर्गात विचारून पाहावे. करमरकरांचे उदाहरण आम्ही सांगतो ते एका कारणासाठी. गणपतीच्या कारखान्यातून कलाशिक्षणाकडे जाणारी वाट तेव्हाही होती. ती अरुंद होती आणि तिच्या तोंडाशी एखादा रसिक कलेक्टर भेटावा लागे, पण होती. ती हाताची वाट होती.

दुसरा पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. विनायक नरहर भावे, जन्म १८९५. त्याने १९१६ मध्ये शाळा-कॉलेजचे दाखले आईच्या चुलीत घातले आणि इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला मुलगा वाटेत उतरून काशीला गेला. विनोबांचा हा मार्ग विद्यार्थ्यांना सांगावा असे आम्हांला वाटत नाही. अर्थात इतक्या भाषा आणि इतके ग्रंथ आत्मसात केल्यावर दाखले जाळले काय नि ठेवले काय, सारखेच.

तिसरा रोह्याचा. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, जन्म १८९६. जन्मगाव महाडजवळचे नाते, घर रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की हा मुलगा संस्कृत घेऊन एम. ए. करणार. त्याने केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेतले, आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत तो पहिला आला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याचे खासदार, हा भाग सर्वांना पाठ असतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या. एक, संस्कृत त्यांनी सोडले नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद केला, गांधीवचने संस्कृत श्लोकांत आणली. दुसरी, १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे देशातल्या पदव्युत्तर शिक्षणाची घडी बसत असताना त्या खुर्चीवर रोह्याचा माणूस होता, आणि त्याने स्वतः मात्र आपली आवड आणि आपली पदवी आयुष्यभर वेगवेगळी ठेवली होती. मध्यमवर्गीय घरांत आजही हाच सल्ला दिला जातो: पदवी पोटाची घे, कला आवड म्हणून कर. तो सल्ला वाईट नाही. मात्र तो ज्यांच्या घरी पोटाचे साधनच कला आहे त्यांच्यासाठी तयार झालेला नाही. कारखानदाराच्या मुलाला 'कला आवड म्हणून ठेव' हे सांगणे म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला पाऊस आवड म्हणून ठेव असे सांगण्यासारखे आहे.

चौथा पनवेलचा. गणेश हरि खरे, जन्म १९०१. असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडले, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची 'वाङ्मयविशारद' ही राष्ट्रीय पदवी घेतली आणि भारत इतिहास संशोधक मंडळात आयुष्य घालवले. १९३९ मध्ये त्यांचे 'मूर्तिविज्ञान' आले. कोणत्या देवतेच्या कोणत्या हातात कोणते आयुध, आसन कोणते, वाहन कोणते, हे संस्कृत ग्रंथांशी आणि प्रत्यक्ष मूर्तींशी ताडून मराठीत मांडणारे हे पुस्तक आजही हाताशी ठेवावे असे आहे. वाङ्मयाची पदवी घेतलेल्या माणसाने ते लिहिले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. खऱ्यांना ताम्रपट, शिलालेख, फार्सी कागद हे सारे वाचता येत होते. दगडाकडेही त्यांनी वाचणाऱ्याच्याच नजरेने पाहिले.

करमरकर घडवणारे, खरे वाचणारे. या दोघांमध्ये जो माणूस हवा होता, म्हणजे घडवणे आतून समजणारा आणि वाचून-पाहून मराठीत लिहिणारा, त्याच्यासाठी मुंबई इलाख्यात पदवीच नव्हती.

अन्यत्र ती होती काय? कलकत्त्याला होती. तिथल्या विद्यापीठाने १९२१ मध्ये भारतीय ललितकलांसाठी बागेश्वरी अध्यासन निर्माण केले आणि पहिल्या प्राध्यापकपदी अवनींद्रनाथ टागोर यांना बसवले. म्हणजे चित्रकारच कलेविषयी बोलू लागला, तोही विद्यापीठात आणि बंगालीत. ती व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने आली आणि बंगाली गद्याचा ठेवा ठरली. लंडनला कोर्टोल्ड संस्था निघाली १९३२ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे कलकत्त्याचे पाऊल किती पुढचे होते ते कळते. मराठीत असे काही घडले असते तर? असा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. आम्ही तो विचारून पुढे जातो.

आपल्याकडे कलेचा इतिहास तीन निरनिराळ्या घरांत वाढला. पहिले घर कलाविद्यालयाचे. तिथे 'कलेचा इतिहास' हा लेखी परीक्षेचा विषय होता. विद्यार्थी तो रात्रभर पाठ करून सकाळी लिहीत आणि दुपारी पुन्हा खऱ्या कामाला, म्हणजे ब्रशला, हात लावत. दुसरे घर पुरातत्त्वाचे. फादर हेरास यांनी १९२६ मध्ये मुंबईत झेवियर्स महाविद्यालयात काढलेली संशोधन संस्था आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संस्था म्हणून पुन्हा उघडलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज, ही या घराची दोन दालने. डेक्कन कॉलेजात सांकलियांनी उत्खननाची परंपरा घातली, आणि त्याच वातावरणात मंदिरे व मूर्ती यांचा अभ्यास करणारे माटे-देगलूरकरांसारखे विद्वान उभे राहिले, ज्यांनी मराठीतही आवर्जून लिहिले. तिसरे घर आम्हां साहित्याच्या लोकांचे, सौंदर्यशास्त्राचे.

या तिसऱ्या घराविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण वाचकांपैकी बहुतेक जण त्याच घरात राहतात. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ चे, रा. भा. पाटणकरांचे 'सौंदर्यमीमांसा' १९७४ चे. एवढ्या ताकदीचे कलाविचाराचे ग्रंथ असणे ही कोणत्याही भाषेला अभिमानाची गोष्ट आहे. एम. ए. मराठीच्या वर्गात संवादलय, विरोधलय, समतोललय ही त्रयी पिढ्यान्पिढ्या शिकवली गेली. पण मर्ढेकरांचा सिद्धान्त हा इंद्रियसंवेदनांच्या रचनेविषयीचा आहे. रंगाला रंग भिडतो म्हणजे काय होते हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो उमगतच नाही. आणि आपण तो शिकवतो फळा-खडूच्या खोलीत, एकही चित्र न दाखवता. उत्तरपत्रिकेत समतोललयीवर चार पाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे गायतोंड्यांच्या चित्राची एक चांगली छपाई ठेवली तर तो बावरतो. दोष त्याचा नाही. आपल्या विषयात तत्त्वज्ञान आले, कलाकृती आलीच नाही. द. ग. गोडसे यांच्यासारखा नेपथ्यकार-चित्रकार लिहू लागला तेव्हा 'पोत' हा शब्द मराठी समीक्षेत हाताने चाचपून पाहावा इतका सघन झाला, तो उगीच नव्हे. गोडसे तिन्ही घरांत जात-येत होते. पण ते गोडसे होते. पदवीने असे कोणी तयार करावे अशी व्यवस्था मागे राहिली नाही.

तिन्ही घरांच्या भिंती पाडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो बडोद्याला. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, पाठोपाठ ललितकला विद्याशाखा. चित्रकार, शिल्पकार आणि कला-इतिहास शिकणारा एकाच अंगणात, आणि त्या सगळ्यांना विद्यापीठाची पदवी. ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवीत होते. सयाजीरावांनी उभारलेले संग्रहालय शहरात होतेच. गायकवाडांचे बडोदे, मराठी ग्रंथव्यवहाराचे एके काळचे मोठे केंद्र. तिथे मराठीतून कला-इतिहास उभा राहण्याला याहून अनुकूल भूमी कुठली? पण तोवर राज्य गेले होते, विद्यापीठाची भाषा इंग्रजी झाली, आणि बडोद्याचा कला-इतिहास भारताला मिळाला, मराठीला नाही. हे दुःख आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. जे. जे.ने आणि मुंबई विद्यापीठाने आपसांत बोलायचे नाकारल्यावर शेजारच्याने बोलावे यात त्याचा काय दोष?

आता त्या पेणच्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याला हा इतिहास का हवा, याचे कारण त्याच्या घरातच आहे.

पेणच्या मूर्तिकलेत देवधर घराण्याचे नाव आद्य म्हणून घेतले जाते. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढू लागला तशी मूर्तींची मागणी वाढली, आणि शे-सव्वाशे वर्षांत पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे असा सारा टापू या कामात गुंतला. हमरापूर-जोह्याकडून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती दूरदूरच्या गावांना जातात आणि तिथे रंगतात. एका मूर्तीत किती हात असतात पाहा: मूळ नमुना घडवणारा एक, साचा घेणारा दुसरा, ओतणारा तिसरा, घासून साफ करणारी बहुधा घरातली बाई, रंग देणारा आणखी कोणी, आणि डोळे आखणारा सर्वांत शेवटी. मूर्तीवर सही कोणाचीच नसते.

युरोपात घडलेला कला-इतिहास हा सहीवर उभा आहे. कलावंत कोण, कृती कोणत्या साली झाली, ती आज कोणत्या संग्रहालयात आहे, हे त्याचे पहिले तीन प्रश्न. पेणचा गणपती या तिन्ही प्रश्नांना दाद देत नाही. तो अनेकांचा आहे, दरवर्षी नवा आहे, आणि तो पाण्यात विरघळावा म्हणूनच घडवलेला आहे. संग्रहालयात टिकलेला गणपती हा न विसर्जन झालेला गणपती, म्हणजे अपवाद. मग शंभर वर्षांपूर्वी पेणच्या मूर्तीची सोंड कशी वळत होती, पोटाचा घेर किती होता, हे कशावरून कळणार? जुन्या छायाचित्रांवरून थोडे. खरे दप्तर म्हणजे साचे. कृती गेली तरी तिचा उलटा ठसा कारखान्याच्या माळ्यावर पडलेला असतो. कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या, कोणत्या गावाला कोणत्या प्रकारच्या किती मूर्ती गेल्या याच्या नोंदी, हे दुसरे दप्तर, आणि ते मराठीत आहे. तिसरे दप्तर म्हाताऱ्या कारागिरांच्या बोलण्यात.

हे तिन्ही झपाट्याने जात आहेत. प्लास्टरचे जुने साचे जाऊन रबराचे आले. रबराचा साचा नाजूक नक्षी उचलतो, पण जुना नमुना बाजारातून उठला की साचाही अडगळीत जातो. शाडूची जागा मोठ्या प्रमाणावर प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सूचनांत त्याला मनाई केली, त्यावर वाद झाले, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्याची व विकण्याची मोकळीक दिली. विसर्जनाचा तिढा वेगळा चालू राहिला. या सगळ्या वादात पर्यावरणाचे जाणकार बोलले, वकील बोलले, कारखानदारांच्या संघटना बोलल्या. माध्यम बदलल्याने मूर्तीचे रूप कसे बदलले, शाडूची जड बैठक जाऊन तोल कसा निराळा झाला, हे सांगणारा कला-इतिहासकार या वादात ऐकू आला नाही. छापील देवचित्रांवर ख्रिस्तोफर पिनी यांनी २००४ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. रविवर्म्याच्या छापखान्यातून, दिनदर्शिकांतून घरोघर गेलेल्या चित्रांना कला-इतिहासात जागा मिळाली. त्या छापील गणपतीने पेणच्या मातीच्या गणपतीचा चेहरा किती बदलला, हा प्रश्न अजून पेणच्याच माणसाची वाट पाहत आहे.

रोह्याच्या विद्यार्थ्याकडे दगडातला प्रश्न आहे. रोह्याहून दक्षिणेला मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची सव्वीस लेणी आहेत. १८८० च्या सुमारास बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले, १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरातही लेण्यांचे सविस्तर वर्णन आहे. दान देणाऱ्यांत मांदवचे महाभोज आहेत, तसाच एक माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याचे घराणे आहे. ते लेख प्राकृतात आहेत, आणि मराठी भाषेचा इतिहास शिकलेल्या विद्यार्थ्याला 'देयधम' हा शब्द अगदीच परका वाटू नये. सहाव्या लेण्यातली दांपत्यशिल्पे त्याने नजरेने वाचावीत आणि दारावरचे लेख अक्षराने. हे दोन्ही एकाच माणसाने करावे, यासाठीच तर पदवी हवी.

तेव्हा कुठे जावे? हाताने घडवणे पुढे न्यायचे असेल तर प्रश्न नाही, पण एम. एफ. ए.ला मुळात चित्र-शिल्पाची पदवी लागते, आणि मराठीची बी. ए. तिथे उपयोगी पडत नाही. लिहिण्याकडे कल असेल तर डेक्कन कॉलेजातली प्राचीन भारतीय इतिहास-संस्कृतीची किंवा पुरातत्त्वाची एम. ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००१ पासून कला आणि सौंदर्यशास्त्राची स्वतंत्र संस्था आहे, तिथेही शाखेची अट नाही. मात्र प्रवेशपरीक्षा इंग्रजीच्या घाटातून जाते. बडोदे आहेच. नोकरीचेही स्पष्ट बोलले पाहिजे. 'नेट' परीक्षेत कला-इतिहास हा 'दृश्यकला' या विषयाच्या पोटात बसवलेला आहे, आणि पेण-रोह्याकडच्या कला शाखेच्या महाविद्यालयांत त्याचे पद असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणजे आपण विद्यार्थ्याला ज्या विषयाकडे पाठवतो तो विषय घेऊन तो आपल्या शेजारच्या खोलीत परत येऊ शकत नाही. हे न सांगता केलेले मार्गदर्शन ही फसवणूक ठरेल. संग्रहालये, वारसा-नोंदीची कामे, प्रकाशन, लिलावगृहांतली संशोधकपदे या वाटा आहेत, पण त्या मुंबई-दिल्लीच्या आहेत.

याबाबत आम्हां लिहिणाऱ्यांत एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारणही नाही. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की पेणच्या मुलाने बडोद्यालाच जावे. डोळा तयार होण्याचे वय एकदाच येते. चित्रे-शिल्पे घडत असताना त्यांच्या गराड्यात दोन वर्षे राहणे हे कोणत्याही ग्रंथालयाने भरून निघत नाही, आणि भाषा त्याच्याजवळ आहेच, ती कुठे जात नाही. इतरांचे म्हणणे असे की भाषा जाते. दोन वर्षे इंग्रजीत 'प्रतिमा' आणि 'दृश्य-संस्कृती' यांवर निबंध लिहिल्यावर कारखान्यातल्या माणसाशी 'आखणी'विषयी बोलायला गेलेला विद्यार्थी आपल्याच घरात पाहुणा होतो. त्यापेक्षा त्याने मराठीतच एम. ए. करावे, सोबत मूर्तिशास्त्राचा एखादा पदविका अभ्यासक्रम करावा, आणि प्रबंधाला विषय घ्यावा पेणचे साचे. या दुसऱ्या म्हणण्यावर पहिल्यांचा आक्षेप रोकडा आहे: मराठी विभागात तो प्रबंध तपासणार कोण? साच्यांच्या छायाचित्रांना परिशिष्टात ढकलून 'वाङ्मयीन मूल्यमापन' मागणारा परीक्षक मिळाला, तर मुलाची चार वर्षे जातात.

यावर सध्या आम्ही एवढेच करतो. मार्गदर्शकाच्या नावाआधी विद्यार्थ्याला एक काम सांगतो: घरच्या माळ्यावर किंवा शेजारच्या कारखान्यात जे साचे पडून असतील ते उतरवायचे, पुसायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, उंची-रुंदी मोजायची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यायचे, आणि मूळ नमुना कोणाचा, साचा कोणत्या सालचा, कोणत्या गावची मूर्ती यातून निघे, हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे. हे काम प्रवेशअर्जाच्या मुदतीआधी, आणि शक्यतो गणपती पाण्यात गेल्यावर लगेच करावे. तेव्हा कारखान्यात माणसे मोकळी असतात आणि माळ्यावर हात पोचतो.